कोटाची हद्द

ज्या खेळात धावावे लागत नाही, उडी घ्यावी लागत नाही, प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला अंग लावावे लागत नाही, आणि ज्यातील सारे नैपुण्य एका जागी स्तब्ध उभे राहण्यात सामावलेले असते, त्या खेळाला नियमांची फारशी आवश्यकता पडत नसावी, असे एखाद्या सरळमार्गी वाचकाला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. धावणाऱ्याबद्दल कोणाला संशय येत नाही, कारण त्याचे धावणे चारचौघांना उघड दिसते आणि ते त्याच्याच पायांनी घडत असते; स्तब्धतेचे तसे नाही. समोर एक मनुष्य पाच-साडेपाच किलो वजनाची रायफल खांद्याला लावून निश्चल उभा आहे. तो स्वतःच्या अभ्यासाच्या बळावर उभा आहे, की त्याच्या अंगावरील जाड कॅनव्हासच्या कोटाने त्याला परस्पर उभा करून ठेवला आहे, हे मागे खुर्ची टाकून बसलेल्या पंचाला नुसत्या डोळ्यांनी कळण्याचा काही मार्ग नसतो. आणि ज्या गोष्टी डोळ्यांनी कळत नाहीत त्यांच्याविषयी सविस्तर कलमे लिहावीत, हा सर्व शिस्तबद्ध संस्थांचा जुना शिरस्ता आहे. १९०७ साली झुरिच येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने तो इतक्या निष्ठेने पाळला आहे, की त्याचे नियमपुस्तक वाचताना आपण एका क्रीडाप्रकाराची माहिती करून घेत आहोत याचा मधूनमधून विसर पडतो, आणि एखाद्या इनामाच्या खटल्याचे दप्तर समोर सोडून बसल्याचा भास होतो.

दप्तराची आठवण मला उगाच झालेली नाही. माझी सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली. 'हद्द कायम मोजणी' म्हणून जो एक प्रकार आमच्या खात्यात असतो, त्यात अर्जदाराची जमीन कोठे संपते व लगतच्या कब्जेदाराची कोठे सुरू होते, हे साखळी, फाळणी-नकाशा आणि उभय पक्षांचा आरडाओरडा यांच्या साहाय्याने ठरवावयाचे असते. माझी भाची रायफल चालवते आणि भाचा पिस्तूल. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला जे संकुल उभे राहिले, तेथील रेंजवर दोघांचा सराव चालतो. आणि निवृत्त मनुष्यापाशी वेळ मुबलक असतो व कलमे वाचण्याची त्याची खोड गेलेली नसते, हे हेरून त्यांनी नियमपुस्तक माझ्या स्वाधीन केले. "मामा, तू फक्त वाच, आणि काय चालतं, काय चालत नाही, तेवढं सांग," एवढाच भाचीचा हुकूम होता. मी तो बजावला. चार-दोन प्रकरणे संपेपर्यंतच माझ्या ध्यानात आले, की हे पुस्तक म्हणजे अथपासून इतिपर्यंत एक मोजणीच आहे, आणि तीतील तंटा एकच आहे: नेमबाज कोठे संपतो आणि त्याचे साहित्य कोठे सुरू होते.

प्रथम हाताळणीची कलमे घेऊ. बंदूक भरली असे आपण सामान्य व्यवहारात केव्हा म्हणतो? गोळी नळीत गेली म्हणजे. महासंघाला हा ढिलेपणा मंजूर नाही. त्याच्या मते काडतूस, छर्रा किंवा काडतुसांनी भरलेले मॅगझिन यांचा बंदुकीला स्पर्श झाला की बंदूक भरली. मग तो स्पर्श नळीच्या आत झाला की बाहेर, हा विचार गौण. 'लोड' हा हुकूम सुटण्यापूर्वी अर्ध्या ग्रॅमचा तो इवलासा शिशाचा छर्रा एखाद्याने रायफलीच्या पाठीवर नुसता टेकवून ठेवला, तरी शास्त्रार्थाने ती रायफल भरलेली ठरते आणि तो नेमबाज गुन्हेगार. हे कलम मी एका संध्याकाळी घरात मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा माझे मेहुणे, जे अभियंता आहेत, ते हसू लागले. स्पर्शाने दाब निर्माण होत नाही, छर्रा उडत नाही, सबब या कलमात विज्ञानाचा लवलेश नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. माझी आई त्या वेळी झोपाळ्यावर बसून जप करीत होती. तिने माळ थांबवली आणि ती म्हणाली, "न कळण्यासारखं काय आहे त्यात? छर्रा शिवला की बंदूक ओवळी."

या एका वाक्याने त्या प्रकरणातील साऱ्या कलमांचा मला जो उलगडा झाला, तो ती कलमे पुनःपुन्हा वाचूनही झाला नसता. जिने आयुष्यातील चाळीसएक वर्षे वाईच्या वाड्यात दांडीवरचे सोवळे काठीने काढून नेसले, तिला या नियमांची शिस्त मुळातूनच ठाऊक होती. सोवळ्यात वस्त्र स्वच्छ आहे की मळके, हा प्रश्न कधीच नसतो. त्याला कोण, केव्हा आणि कशाने शिवले, एवढाच असतो. रेंजवरही तेच. रेषेच्या पुढे कोणीही मनुष्य गेला असेल, मग तो निशाणाचा कागद बदलणारा नोकर असो की साक्षात मुख्य पंच असो, तोपर्यंत मागे राहिलेल्याने बंदुकीला हात लावायचा नाही. 'स्टॉप' म्हटल्यावर भरलेली बंदूक विनापरवाना हाताळली, तर स्पर्धेतून बाद होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. इतकेच काय, छर्रा न घालता नुसताच ट्रिगर ओढण्याचा, म्हणजे ज्याला ही मंडळी 'ड्राय' करणे म्हणतात तो, अभ्यासही वाटेल तेथे करता येत नाही. तो एक तर फायरिंग लाइनवर, नाही तर त्यासाठी मुद्दाम राखून ठेवलेल्या जागेतच करावयाचा असतो. न सुटलेल्या गोळीलाही जागा नेमून दिलेली आहे.

आईने पुढे साहजिकच विचारले, की एकदा ओवळी झालेली बंदूक पुन्हा सोवळ्यात कशी घेतात. मी तिला सेफ्टी फ्लॅगचे कलम वाचून दाखवले. भडक नारिंगी रंगाचा एक दोरा असतो. एअर रायफल वा एअर पिस्तूल असेल, तर तो नळीच्या एका तोंडातून शिरून दुसऱ्या तोंडातून बाहेर येईल इतका लांब असावा लागतो. आणि परवानगी मिळेतोपर्यंत तो बंदुकीतून काढायचा नाही. "म्हणजे बंदुकीची मुंज करतात," असे म्हणून तिने समाधानाने माळ पुन्हा हाती घेतली.

येथे मला थोडे गंभीर होणे भाग आहे. बंदूक रिकामी आहे हे नेमबाजाला माहीत असते, त्याच्या प्रशिक्षकाला माहीत असते, शेजारच्या लेनवाल्यालाही माहीत असते. तरीही नियम त्यांच्या माहितीवर कवडीचा भरवसा ठेवीत नाही, आणि ते रिकामेपण नारिंगी रंगात डोळ्यांना दिसलेच पाहिजे असा आग्रह धरतो, यात मला थट्टेचे काही दिसत नाही. घराघरांतून ज्या बंदुका आजवर अवचित सुटल्या, त्या सर्व रिकाम्याच असल्याचे त्यांच्या मालकांना ठाऊक होते. स्पर्धा संपल्यावर रेंज ऑफिसरने बंदूक पाहिल्याखेरीज ती पेटीत ठेवायची नाही, हा नियमही याच जातीचा आहे. माझ्या भाच्याला प्रत्येक काम झटपट उरकण्याची सवय आहे; पण मोकळी बंदूक समोर ठेवून, ऑफिसर आपल्या लेनपर्यंत पोचेतोवर हात मागे बांधून तो जो उभा राहतो, ती शिस्त त्याच्या आईबापांना आजवर जेवणाच्या ताटावरही साधलेली नाही.

परंतु हाताळणीचे प्रकरण ही केवळ प्रस्तावना. खरी मोजणी सुरू होते ती कपड्यांपासून. ज्यांनी रायफल नेमबाजाचा पोशाख पाहिलेला नाही, त्यांनी असे समजावे की कॅनव्हास आणि चामडे यांचा तो एक जाडजूड कोट, त्याच मासल्याची विजार, आणि सपाट तळव्यांचे बूट. ही सर्व सामग्री पाठीच्या कण्याला टेकू मिळावा म्हणून अस्तित्वात आली, आणि तिने पाठीला टेकू देऊ नये म्हणून नियम अस्तित्वात आले. कोटाचे कापड अडीच मिलिमीटरपेक्षा जाड असू नये. ते ताठही असू नये. ताठपणा मोजण्यासाठी एक यंत्र असते, त्यात साठ मिलिमीटर व्यासाचे भोक, वर एक किलोचे वजन, आणि त्या वजनाखाली कापड निदान तीन मिलिमीटर दबले पाहिजे. भाचीच्या कोटाची ही परीक्षा मी जवळून पाहिली आहे. टेबलामागचे गृहस्थ कोटाचा एकेक भाग त्या भोकावर ताणून ठेवीत, काट्याकडे पाहत, आणि काहीही न बोलता पुढच्या भागाकडे वळत. पाठ, खांदे, बाह्या, कोपरे, सारे झाले. एका ठिकाणी काटा क्षणभर दोन आणि नऊ दशांशावर घुटमळला. त्या क्षणी माझ्या बहिणीने माझा दंड ज्या जोराने धरला, त्या जोराने यंत्रावर दाब दिला असता, तर कोट तेथल्या तेथे उत्तीर्ण झाला असता. काटा अखेर तीनच्या पलीकडे सरकला, आणि त्या गृहस्थांनी कोट परत देताना चेहऱ्यावर कसलाही भाव येऊ दिला नाही. आमच्या खात्यात ते फार वर चढले असते.

लांबीचे माप मात्र मिलिमीटरमध्ये नाही. हात सरळ खाली सोडून मूठ वळावी. कोट त्या मुठीच्या खालच्या कडेपेक्षा लांब असता कामा नये. म्हणजे येथे ज्याचे माप घ्यावयाचे तो कोट, आणि मोजपट्टी म्हणजे खुद्द अर्जदार. विजारीच्या बाबतीत हाडाचा दाखला मागितला आहे: कमरेच्या हाडाच्या माथ्यापासून पन्नास मिलिमीटर, त्यावर नाही. पट्टा चाळीस मिलिमीटर रुंद व तीन मिलिमीटर जाड, याहून अधिक नाही. गुडघ्यावर बसून मारताना पायाखाली जी गुंडाळी घेतात, तीही पंचवीस सेंटिमीटर लांब आणि अठरा सेंटिमीटर व्यासाची, याहून मोठी चालत नाही, आणि अशी गुंडाळी एकच. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारा आपला स्वप्निल कुसाळे, हा कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा तरुण, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. दुसऱ्यांचे कागद तपासण्याची सनद ज्याच्या खिशात, त्याने शातोरूच्या रेंजवर स्वतःचा कोट, विजार आणि गुंडाळी तपासणीसाठी पुढे करावी, यात मला एक प्रकारचा काव्यात्म न्याय दिसतो. बिनतिकीट प्रवाशांनी तो अवश्य ध्यानात घ्यावा.

मात्र खरा तंटा बटणांचा. कोट अंगाशी आवळून त्याची पट्टी होऊ नये, म्हणून असा नियम आहे की बटणे लावल्यानंतरही कोटाची एक बाजू दुसऱ्या बाजूवर आणखी सत्तर मिलिमीटर तरी ओढता आली पाहिजे. आणि ही ओढ सहा ते आठ किलोंच्या जोराची असावी. भाचीचा कोट आषाढात शिवून आला, तेव्हा ही कसोटी त्याने हसतखेळत पार पाडली होती. मग दिवाळी आली. आमच्या घरी फराळाच्या बाबतीत संयम हा गुण मानला जात नाही. दिवाळीनंतरच्या सरावात प्रशिक्षकांनी कोट ओढून पाहिला, तेव्हा सत्तराच्या जागी पन्नासच्या आसपास भरले. कोट तोच होता, बटणे त्याच जागी होती, शिवण एक टाकाही सरकलेली नव्हती. अतिक्रमण लगतच्या कब्जेदाराकडून झाले होते. आता यात दोष कोणाचा, हा प्रश्न मी माझ्या सवयीप्रमाणे पुस्तकात शोधला. पुस्तक कोटाला अपात्र ठरवते. चकल्यांविषयी त्यात अवाक्षर नाही.

बुटांच्या बाबतीत तर महासंघाने माणसाच्या चालण्यावर अंमल बसवला आहे. तळवे लवचिक आहेत हे सिद्ध करण्यासाठी नेमबाजाने मैदानावर असेतोपर्यंत सर्वकाळ नेहमीसारखे, टाच आधी व बोटे नंतर टेकून, चालले पाहिजे. न चालल्यास प्रथम ताकीद, पुढच्या वेळी दोन गुणांची वजावट, आणि तरीही न सुधारल्यास हकालपट्टी. हे कलम ज्या कोणी लिहिले, त्याने बहुधा 'नेहमीसारखे चाला' असा हुकूम मिळालेला मनुष्य प्रत्यक्षात कधी चालताना पाहिला नसावा. जाड विजार, सपाट बूट, हातात रायफल, आणि कोपऱ्यात ज्युरीचा सभासद आपल्याच टाचांकडे टक लावून बसलेला, अशा परिस्थितीत नैसर्गिकपणे पावले टाकण्याचा जो प्रयत्न ही मुले करतात, तो पाहून मला लग्नात फोटोग्राफरच्या सांगण्यावरून सहज हसणाऱ्या वऱ्हाड्यांची नेहमी कणव येते.

पिस्तूलवाले यातून सुटले असतील असे समजू नये. त्यांना कोट नाही, परंतु मनगट आहे. पिस्तुलाची मूठ मनगटापलीकडे हाताला कोठेही टेकता कामा नये. मनगट सर्वस्वी निराधार असल्याचे उघड दिसले पाहिजे. म्हणून ज्या हातात पिस्तूल, त्या हातावर घड्याळ, कडे, मनगटपट्टी किंवा तत्सम वस्तू घालण्यास मनाई आहे. हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नारळी पौर्णिमा असण्याचे काही कारण नव्हते. राखी पौर्णिमेला भाचीने भावाच्या उजव्या मनगटावर रेशमी गोंड्याची राखी बांधली. तिसऱ्या दिवशी त्याची जिल्हा पातळीवरची स्पर्धा. राखी ही घड्याळ नव्हे, कडे नव्हे, मनगटपट्टीही नव्हे. मग ती 'तत्सम' आहे काय? मी असा पक्ष मांडला, की निषेधाचा हेतू मनगटाला आधार मिळू नये एवढाच असल्यामुळे, ज्या वस्तूत आधार देण्याची शक्तीच नाही तिला हा निषेध लागू होत नाही. मेहुण्यांनी गोंडा काढून टाकून फक्त दोरा ठेवण्याची तडजोड सुचवली. भाची म्हणाली की तसे केले तर ती राखीच उरत नाही. प्रशिक्षकांना फोन लावला, तेव्हा त्यांनी माझा युक्तिवाद शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि एवढेच म्हटले, "काका, ज्युरीशी वाद घालायला त्याला पाठवायचंय, की नेम मारायला?"

अखेर निकाल आईनेच दिला. "डाव्या हाताला बांध. देवाला चालतं." आणि मग थोडा विचार करून तिने पुस्ती जोडली, "शिवाय तो डावा हात खिशातच घालून उभा असतो की नाही? कोणाला दिसतंय?" नियमाचे अक्षर, नियमाचा हेतू आणि साक्षीपुराव्याची उपलब्धता या तिन्हींचा इतका समतोल विचार मी महसुली अपिलांतसुद्धा क्वचितच पाहिला आहे.

मनगटाहून सूक्ष्म हद्द बोटाची. एअर पिस्तुलाचा ट्रिगर पाचशे ग्रॅमपेक्षा हलका नसावा, असा निर्बंध आहे. तो तपासताना पिस्तुलाची नळी आकाशाकडे करून धरतात, चापाला पाचशे ग्रॅमचे वजन अडकवतात आणि हलके हलके उचलतात. वजन उचलले गेले आणि चाप सुटला नाही, म्हणजे पास. तीनदा प्रयत्न करण्याची मुभा असते. एअर रायफलीला किंवा पन्नास मीटरच्या रायफलीला असा किमान भार नेमून दिलेला नाही. तेथे ट्रिगर इतका हलका ठेवतात, की बोट टेकले आणि गोळी सुटली यांच्यामध्ये हद्दीचा दगड रोवायला जागाच उरत नाही. याची सर्वांत दारुण साक्ष अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स देईल. २००८ साली बीजिंगच्या अंतिम फेरीत, शेवटची एक गोळी उरली असताना, तो सर्वांच्या पुढे होता. एखादा साधारणसा नेम लागला असता तरी सुवर्णपदक त्याचेच होते. रायफल निशाणावर खाली येत असतानाच बोट चापाला लागले आणि गोळी सुटली. गुण पडले चार पूर्णांक चार, आणि तो चौथा आला. ती गोळी त्याने मारली, की रायफलीने? नियमाच्या दृष्टीने हा प्रश्नच उद्भवत नाही. ज्याच्या खांद्याला रायफल, त्याची गोळी.

त्याच एमन्सची चार वर्षांपूर्वीची कथा तर माझ्या खात्यातील कोणत्याही कर्मचाऱ्याने ऐकून हळहळावे अशी आहे. २००४ साली अथेन्सला, पन्नास मीटर थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत, तो असाच आघाडीवर असताना त्याने शेवटची गोळी व्यवस्थित मारली. ती निशाणाला लागलीही. फक्त निशाण शेजारच्या लेनचे होते. त्याची लेन दुसरी, गोळी गेली तिसऱ्या लेनच्या निशाणावर, आणि गुण पडले शून्य. नांगर उत्तम चालला, बी उत्तम पेरले, पण पेरणी लगतच्या गट नंबरात झाली. पीक अर्थातच पेरणाऱ्याचे नव्हे. या प्रसंगी नियमाचा अर्थ लावण्याची पाळी कोणावरही आली नाही, इतका तो स्वच्छ होता, आणि कदाचित म्हणूनच तो इतका निर्दय वाटतो.

अर्थ लावण्याला खरा वाव मिळतो तो पिस्तूल अडते तेव्हा. पंचवीस मीटरच्या स्पर्धांत ठरलेल्या सेकंदांत ठरलेल्या गोळ्या मारावयाच्या असतात, आणि मध्येच पिस्तूल बंद पडले तर नेमबाजाने काय करावे हे पुस्तकाने सांगून ठेवले आहे: पिस्तूल तसेच निशाणाकडे रोखून धरावे, पकड सोडू नये, आणि मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरची वाट पाहावी. मग ऑफिसर येतो, पिस्तूल हाती घेतो, उघडून पाहतो, आणि जणू शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण लिहावे तसा अभिप्राय देतो. गोळी अडकली असेल, चापाची यंत्रणा बिघडली असेल, किंवा काडतूस फुसके निघाले असेल, तर दोष यंत्राचा, आणि नेमबाजाला दाद मिळते. सेफ्टी काढायचे राहून गेले असेल, काडतूस भरायचेच विसरले असेल, किंवा चाप पुरता सोडला नसेल, तर दोष माणसाचा, आणि दाद नामंजूर. परंतु ऑफिसर येण्यापूर्वी नेमबाजाने स्वतःच उघडझाप केली, म्हणजे मग कारण काहीही असो, दावा बाद. हद्दीचा दगड ज्याने स्वतःच्या हाताने हलवला, त्याची तक्रार आम्हीही ऐकून घेत नसू. तथापि या नियमामुळे जे दृश्य उभे राहते ते मात्र विलक्षण असते: एक धट्टाकट्टा मनुष्य, उजव्या हातात बंद पडलेले पिस्तूल शत्रूवर रोखल्यासारखे धरून, डावा हात शाळेतल्या मुलासारखा वर करून, आता कोणी तरी येऊन आपल्या निरपराधित्वाचा पंचनामा करावा म्हणून उभा आहे.

टोकियोत २०२१च्या जुलैत मनू भाकरच्या एअर पिस्तुलाचा एक लीव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला. दोष उघड उघड यंत्राचा होता. पण दहा मीटरच्या स्पर्धेत त्या दोषाची किंमत घड्याळ वसूल करते. दुरुस्तीसाठी तिला रेंज सोडून जावे लागले, परत येईपर्यंत वेळ चालूच राहिला, आणि उरलेल्या गोळ्या घाईने माराव्या लागूनही तिने ५७५ गुण नोंदवले. ती बारावी आली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. लीव्हर तुटला हे यंत्राचे कृत्य, वेळ गेला हे माणसाचे नुकसान. एवढी स्पष्ट फाळणी करूनही आम्हा मोजणीदारांनाच काय, कोणालाही तो निवाडा गोड वाटू नये.

शिक्षेच्या रंगांविषयी एक तक्रार येथेच नोंदवून ठेवतो. ताकीद द्यावयाची असेल तर ज्युरी पिवळे कार्ड दाखवते, हाकलून द्यावयाचे असेल तर तांबडे. येथवर सर्व ठीक. परंतु दोन गुण कापावयाचे असतील, तर हिरवे! जन्मभर हिरवा म्हणजे जाऊ द्या, असे चौकाचौकांत ज्याच्या मनावर बिंबवले, त्या माणसाने हिरवे कार्ड पाहून सुटकेचा निःश्वास टाकला, तर त्याला कोणत्या रंगाचे कार्ड दाखवायचे, याची तरतूद मला आढळली नाही.

आणि एवढी सगळी मिलिमीटरची, ग्रॅमची, किलोंची पेरणी करून झाल्यावर पुस्तकाने आणखी एक कलम घातले आहे, ज्यापुढे माझ्यासारख्या जुन्या कारकुनाने आदराने टोपी काढावी. त्याचा आशय असा: या नियमांत उल्लेख नसलेली, परंतु एखाद्याला इतरांवर गैरवाजवी लाभ मिळवून देणारी, किंवा या नियमांच्या आत्म्याशी विसंगत असलेली कोणतीही वस्तू निषिद्ध समजावी. म्हणजे अडीच मिलिमीटर, तीन मिलिमीटर, सत्तर मिलिमीटर हे सर्व देहधर्म; त्यांपलीकडे आत्मा शिल्लक आहेच, आणि तो कोणत्या यंत्राने मोजावयाचा हे ज्युरी ठरवील. ज्युरीचा निर्णय मान्य नसेल तर लेखी हरकत घेता येते, तिच्यासोबत शुल्क भरावे लागते, आणि हरकत खरी ठरली तर ते शुल्क परत मिळते; इतकी सुबक व्यवस्था आमच्या खात्याने अंगीकारली असती, तर निम्मी गावे शेजाऱ्यांशी बोलू लागली असती.

सध्या आमच्या घरात याच आत्म्याचा प्रश्न ऐरणीवर आहे. स्पर्धेपूर्वी साहित्य तपासून घेता येते हे खरे, पण त्याने जबाबदारी संपत नाही. स्पर्धा झाल्यावर काही जणांना निवडून पुन्हा तपासतात, आणि त्या वेळी कोट नापास झाला की आधीचे सारे गुण गेले. कॅनव्हास तर मोठे लहरी. पुण्याच्या दमट पावसाळ्यात जो कोट मुकाट्याने तीन मिलिमीटर दबतो, तोच हिवाळ्यात, वातानुकूलित सभागृहात, ताठ मानेने उभा राहतो. म्हणून भाचीने अलीकडे असा परिपाठ ठेवला आहे, की स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोट झोपाळ्यावर पसरून ठेवायचा. आणि आई नेहमीच्या वेळी येऊन, जपाची माळ घेऊन, त्यावर बसते व सावकाश झोके घेते. कोट चांगला मऊ होतो. हे कायद्याला धरून आहे काय, म्हणून मी पुस्तक पुन्हा तपासले. कोट ताठ करण्याच्या यच्चयावत उपायांना त्यात बंदी आहे. तो मऊ करण्यासाठी आजीचा उपयोग करण्यास हरकत असल्याचे कोठेही आढळले नाही. तथापि ते आत्म्याचे कलम माझ्या मनातून जात नाही. भाचीला मी बजावून ठेवले आहे, की ज्युरीने विचारलेच, तर आजी रोजच झोपाळ्यावर बसते असे सांगावे. कोट तिच्या वहिवाटीच्या जागेत आला होता.